ऑटोमॅटिक गाडी लावताना: आधी हँडब्रेक, मग पी

सोसायटीच्या रॅम्पवर रात्रभर उभी असलेली ऑटोमॅटिक गाडी सकाळी काढायला जावं, तर लिव्हर पी (पार्क) मधून हलता हलत नाही. जरा जोर लावला की खालून ‘खट्ट’ असा आवाज येतो आणि अख्खी गाडी एकदा हादरते. गिअरबॉक्स गेला की काय, असं वाटतं. गेलेलं काही नसतं. आदल्या रात्री गाडी लावताना क्रम चुकलेला असतो.

पी म्हणजे ब्रेक, असा सर्रास समज आहे. पी ही नुसती कडी आहे. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर एक दातेरी चक्र असतं. लिव्हर पी वर नेली की बोटाएवढा पोलादी खटका त्या दात्यांमधल्या खाचेत पडतो. मेकॅनिक त्याला पार्किंग पॉल म्हणतात. हजार-बाराशे किलोची गाडी उतारावर या एवढ्याशा खटक्यावर रेलली की तो खाचेत करकचून रुततो, आणि सकाळचं ते ‘खट्ट’ म्हणजे त्याची सुटका. रोज असंच चालू राहिलं तर खटक्याच्या आणि दात्यांच्या कडा झिजतात. शिवाय रात्री कुणी आपली गाडी मागून टेकवली, तर तो धक्काही त्याच खटक्याला सोसावा लागतो.

हँडब्रेकची गोष्ट वेगळी. तो बहुतेक गाड्यांत मागच्या दोन्ही चाकांना धरतो. पी मात्र इंजिन ज्या चाकांना फिरवतं तीच चाकं अडवतो. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हींत ती पुढची चाकं असतात, इनोव्हा क्रिस्टासारख्या गाडीत मागची. त्यातही मधे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची रचना) असतो. म्हणजे पुढचं एक चाक चिखलात किंवा सांडलेल्या ऑइलवर असेल, तर ते उलटं फिरतं, दुसरं सुलटं, आणि पी लावलेली गाडी आरामात सरकते. पंक्चर काढताना हे नेमकं अंगाशी येतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं चाक जॅकवर हवेत गेलं की पी चा काही उपयोग उरत नाही, गाडी फक्त हँडब्रेकवर असते. मागचं चाक उचललं तर हँडब्रेक जमिनीवरच्या एकाच मागच्या चाकाला धरून असतो, तिथे पी कामाला येतो. दोन्ही लावायचे आणि तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावायचे, ते यासाठी.

गाडी उभी करण्याचा क्रम

१. ब्रेक पूर्ण दाबून गाडी थांबवा. थांबली म्हणजे पूर्ण थांबली. गाडी रांगत असताना पी टाकला की खटका दात्यांवरून ‘कट-कट-कट’ उड्या मारत जातो आणि वेग अगदी कमी झाला की धाडकन आत पडतो.

२. ब्रेकवरचा पाय तसाच ठेवून लिव्हर एन (न्यूट्रल) वर आणा.

३. हँडब्रेक नीट ओढा. इलेक्ट्रिक असेल तर बटण वर ओढून डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागल्याचं पाहा.

४. आता ब्रेकवरचा पाय सावकाश उचला. गाडी इंच-दोन इंच हलते आणि हँडब्रेकवर बसते. हलतच राहिली तर ब्रेक दाबा, हँडब्रेक आणखी ओढा, पुन्हा पाय उचलून बघा.

५. गाडी हँडब्रेकवर बसली की पुन्हा ब्रेक दाबा आणि पी टाका.

६. डॅशबोर्डवर पी अक्षर दिसतंय ना हे डोळ्यांनी पाहा आणि मगच इंजिन बंद करा.

सगळ्याला मिळून पाच-सहा सेकंद लागतात. सपाट जागी दुसरी आणि चौथी पायरी गाळली तरी बिघडत नाही. उतारावर मात्र चौथी पायरी हाच या क्रमाचा जीव आहे. ती गाळून नुसता पी आणि नंतर हँडब्रेक ओढला, तर गाडीचं वजन आधीच खटक्यावर गेलेलं असतं; हँडब्रेक ओढलेला दिसतो, पण भार घेत नाही.

निघताना हेच उलटं. ब्रेक दाबा, इंजिन सुरू करा, लिव्हर पी मधून डी (पुढे जायला) किंवा आर (मागे जायला) मध्ये न्या आणि सगळ्यात शेवटी हँडब्रेक सोडा. पुष्कळ जण आधी हँडब्रेक सोडून बसतात. तेवढ्या क्षणात गाडी खटक्यावर रेलते आणि आदल्या रात्रीची सगळी शिस्त वाया जाते.

ऑटो होल्ड हा पार्किंग ब्रेक नव्हे. सिग्नलला पाय मोकळा राहावा म्हणून तो ब्रेक ऑइलचा दाब धरून ठेवतो, इतकंच. काही गाड्यांत सीटबेल्ट काढला किंवा दार उघडलं की इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आपोआप लागतो, काहींत फक्त बीप वाजतो. आपल्या गाडीत काय होतं ते सपाट, मोकळ्या जागी एकदा करून पाहावं. तोवर बटण हातानेच ओढायचं. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत आणखी एक घोळ होतो: गाडी डी मध्ये, चालू असते, पण आवाज काहीच नसतो. गाडी बंद आहे असं समजून माणूस उतरतो आणि दार लावायच्या आत गाडी चालू लागते. डॅशबोर्ड विझलेला पाहिल्याशिवाय सीट सोडायची नाही.

ज्यांच्या लिव्हरवर पी च नाही

मारुती सेलेरिओ २०१४ साली एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) घेऊन आली आणि नंतर स्विफ्ट, वॅगन आर, टियागो, नेक्सॉन, पंच, ग्रँड आय टेन निऑस अशा कितीतरी गाड्यांत तो गिअरबॉक्स आला. आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ म्हणून चालणाऱ्या स्वस्त गाड्या बव्हंशी याच. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधाच क्लच असतो. क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात मात्र मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणेचा. त्यामुळे पार्किंगचा खटका नाही, आणि लिव्हरवर फक्त आर, एन, डी आणि एम (गिअर स्वतः बदलायला). टाटाच्या काही गाड्यांत डी च्या जागी ए.

मॅन्युअल गाडी आपण घाटात पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करतो, एएमटीही तशीच करायची. एन मध्ये आणून हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या. पुन्हा ब्रेक दाबून, तोंड चढाकडे असेल तर डी, उताराकडे असेल तर आर टाका. स्क्रीनवर १ किंवा आर उमटलं की त्याच गिअरमध्ये इग्निशन बंद करा आणि मग ब्रेक सोडा. गिअर तसाच राहतो, क्लच जोडलेला राहतो आणि चाक फिरायचं तर त्याला बंद इंजिन फिरवावं लागतं. हीच तुमची कडी.

एन मध्ये गाडी बंद केली तर ती एन मध्येच राहते. मग सगळा भरवसा एकट्या हँडब्रेकवर. एएमटी गाड्या मागे घरंगळण्याचं नेहमीचं कारण हेच: चालवणाऱ्याच्या डोक्यात ‘ऑटोमॅटिक आहे, बंद केली की थांबते’ हे पक्कं बसलेलं असतं. सुरू करताना हँडब्रेक ओढलेलाच ठेवा, ब्रेक दाबा, लिव्हर एन वर आणा आणि मग चावी फिरवा.

चाकं कुठे वळवायची

रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावताय असं धरू. तोंड उताराकडे असेल तर स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवा. गाडी सुटलीच तर पुढचं चाक लगेच फुटपाथच्या कडेला अडकेल. तोंड चढाकडे असेल आणि कडेला फुटपाथ असेल तर स्टिअरिंग उजवीकडे वळवा आणि गाडी अलगद मागे येऊ द्या, डाव्या पुढच्या टायरची मागची बाजू फुटपाथला टेकेपर्यंत. चढ आहे पण फुटपाथ नाही, तर स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे सुटलेली गाडी वाहत्या रस्त्यावर न येता कडेच्या मातीत जाईल.

हा शेवटचा नियम घाटात डोळे मिटून पाळायचा नाही. डावीकडे दरी असेल तर ‘कडेची माती’ म्हणजे दरीच. तिथे गाडी लावूच नये. टपरी, धबधबा, फोटो काहीही असो, डोंगराच्या बाजूची रुंद जागा येईपर्यंत पुढे जावं. थांबावंच लागलं तर चाकाखाली दगड लावा. गोल गोटा नको, सपाट तळाचा, टायरला चिकटून बसेल असा हवा. आणि निघताना तो उचलून कडेला टाका. पावसाळ्यात ताम्हिणीत वळणावर पडलेले असे दगड मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला धुक्यात दिसत नाहीत.

ही नुसती सावधगिरी नाही, कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सधारक माणूस नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे किंवा गाडी आपोआप चालू पडणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली असली पाहिजे. ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून एसी चालू ठेवून मेडिकलमध्ये शिरणं त्यात बसत नाही.

तंग जागेत शिरताना

ऑटोमॅटिक गाडी पार्किंगमध्ये घालताना वेग ॲक्सिलरेटरने नाही, ब्रेकने ठरवायचा. डी किंवा आर मध्ये ब्रेक सोडला की गाडी माणसाच्या चालीने रांगू लागते. ब्रेक जितका दाबाल तितकी ती मंदावते. सपाट जागी ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायची गरजच पडत नाही. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या रेषेत जमिनीला टेकवून ठेवा आणि बोटांनीच ब्रेक कमी-जास्त करा. डावा पाय कायम बाजूच्या डेड पेडलवर, म्हणजे पाय टेकवायच्या जागेवर. मॅन्युअलवरून आलेल्या माणसाचा डावा पाय सवयीने क्लच शोधत येतो, रुंद ब्रेक सापडतो आणि क्लचसारखा तळापर्यंत दाबला जातो. मागे बसलेल्यांची डोकी पुढच्या सीटवर आपटतात.

सगळ्यात वाईट चूक मात्र उजव्या पायाची. मागे पाहण्यासाठी कंबर वळवली की पायही नकळत जागचा सरकू शकतो, आणि ब्रेकच्या उजवीकडे ॲक्सिलरेटर असतो. गाडी अपेक्षेपेक्षा जोरात जाते, घाबरून माणूस ‘ब्रेक’ आणखी दाबतो. तळघरातल्या भिंतीवर चढलेल्या गाड्यांमागे बहुतेक वेळा हेच असतं. त्यामुळे रिव्हर्स टाकण्याआधी ब्रेक दाबून पायाखालचा पेडल कोणता ते जाणवून घ्या, आणि दर वेळी दिशा बदलताना टाच पुन्हा जागेवर आणा. कॅमेरा असला तर कंबर न वळवता स्क्रीन आणि दोन्ही आरसे आळीपाळीने पाहता येतात, हा त्याचा खरा फायदा. पायात मागून पट्टा नसलेली चप्पल नको, एका मॅटवर दुसरं रबरी मॅट नको, आणि सीटखाली लोळणारी पाण्याची बाटली तर अजिबात नको. ती ब्रेकखाली अडकली की ब्रेक दाबलाच जात नाही.

थंड इंजिनचीही आठवण ठेवा. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) १,२०० ते १,५०० वर असतो, त्यामुळे गाडी नेहमीपेक्षा जोरात रांगते. एसीचा कॉम्प्रेसर लागतानाही तसाच छोटा हिसका बसतो. अर्धा मिनिट थांबून काटा हजाराखाली आला की मगच गिअर टाकावा, विशेषतः दोन बाजूला खांब असतील तेव्हा.

रॅम्पच्या तोंडाशी किंवा पार्किंगच्या उंबऱ्याशी गाडी रांगून वर चढत नाही, तिथे ॲक्सिलरेटर लागतोच, आणि धोकाही तिथेच. चाक उंबऱ्याला अडलं की लोक थोडा ॲक्सिलरेटर देतात, गाडी हलत नाही, आणखी देतात. मग ती एकदम उंबरा ओलांडून समोरच्या भिंतीकडे उडी घेते. उंबऱ्याला टेकून थांबूच नका. फूटभर आधीपासून संथ, एकसारखा वेग ठेवून चाक वर घ्या आणि ते माथ्यावर आलं की लगेच पाय ब्रेकवर. मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करणारा मदतनीस भिंत आणि गाडीच्या मधे कधीही नको. उजव्या आरशात पूर्ण दिसेल अशा ठिकाणी त्याला उभं करा, तो दिसेनासा झाला की गाडी थांबवा.

लिव्हर हलवताना

आर मधून डी मध्ये किंवा डी मधून आर मध्ये जाताना मधे गाडी पूर्ण थांबायला हवी. वेग जास्त असेल तर आजकालचे गिअरबॉक्स ऐकतच नाहीत, पण रांगण्याच्या वेगाला ऐकतात, आणि मग उलट्या दिशेला जाणारी गाडी थांबवण्याचं काम आतल्या क्लच प्लेटांवर पडतं. लिव्हर हलवल्यावर एक सेकंद द्या. गिअर लागल्याचा हलका धक्का जाणवला की ब्रेक सोडा.

लिव्हरवरच्या बटणाची एक खुबी कुणी सांगत नाही. सरळ रेषेत चालणाऱ्या बहुतेक लिव्हरना डी वरून एन वर यायला बटण लागत नाही. एन वरून आर ला आणि आर वरून पी ला लागतं. म्हणजे डी वरून एन वर येताना बटणावरचा अंगठा काढून घ्या आणि लिव्हर तळहाताने ढकला. ती एन वर आपोआप थांबते, चुकून आर मध्ये जाऊच शकत नाही. पाच-पाच सेकंदाला गिअर पाहायची गरज राहत नाही.

सिग्नलला काय करायचं हे गिअरबॉक्सवर ठरतं. टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पोचवणारा) किंवा सीव्हीटी (पायऱ्यांशिवाय सलग बदलणारा) गिअरबॉक्स असेल आणि थांबणं मिनिटाच्या आतलं असेल, तर डी मध्ये ब्रेक दाबून राहा. त्याहून लांबलं तर एन आणि हँडब्रेक. डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स) आणि एएमटीमध्ये ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो, मग डी मध्ये थांबण्याने काही झिजत नाही. झिजतं ते अर्धवट ब्रेक सोडून इंचाइंचाने पुढे सरकत राहण्याने. पुढच्या गाडीला दोन गाड्यांएवढं अंतर जाऊ द्या, मग एका दमात सरका. मधे कुणीतरी रिक्षा घुसवतो, हे खरं. घुसवू द्या, क्लच बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

घाट चढताना गर्दी झाली तर गाडी ब्रेकने धरायची. ॲक्सिलरेटर जरासा दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरणं ऑटोमॅटिकमध्ये सोपं वाटतं, पण ड्राय क्लच (तेलात न बुडलेला क्लच) असलेल्या डीसीटी आणि एएमटीत तो सगळा काळ क्लच घासत असतो. आधी जळक्या लायनिंगचा (क्लचच्या घासणाऱ्या अस्तराचा) वास येतो, मग स्क्रीनवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा, मग गाडी ओढेनाशी होते. असं झालं तर सुरक्षित जागी थांबा, पी आणि हँडब्रेक लावून इंजिन चालू ठेवा आणि इशारा जाईपर्यंत वाट पाहा. एएमटीत एन आणि हँडब्रेक. पुन्हा निघताना हिल होल्ड (चढावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय) ब्रेक दोन-तीन सेकंदच धरून ठेवतो, तेवढ्यात ॲक्सिलरेटरवर यायचं. हिल होल्ड नसलेल्या एएमटीत हँडब्रेक ओढलेला ठेवून हलका ॲक्सिलरेटर द्या. गाडी पुढे जायला ओढ घेते आहे असं जाणवलं की मग सोडा.

उतरताना एन मध्ये गाडी सोडणं हा जुना, वाईट आणि पेट्रोलही न वाचवणारा प्रकार आहे. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्शनच्या गाड्या इंधन बंद करतात, इंजिनला चाकंच फिरवत राहतात. एन मध्ये मात्र इंजिन चालू राहायला इंधन लागतं. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाट असो की पसरणी, साधा हिशेब असा: ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. लिव्हर एम मध्ये घेऊन दुसरा किंवा पहिला गिअर. ज्या गाड्यांना एल, एस किंवा बी आहे तिथे ते. आरपीएम ३,००० च्या आसपास जाऊन इंजिन गुरगुरलं तर घाबरू नका, ती त्याची रोजची मेहनत आहे. डी मध्येच राहून सतत ब्रेक दाबत उतरलात तर पॅड तापतात, पेडल खोल जाऊ लागतं आणि चाकांतून करपल्याचा वास येतो. तोवर उशीर झालेला असतो.

डबल पार्किंग आणि स्टॅक पार्किंग

एका गाडीच्या वाटेत दुसरी लावायची (डबल पार्किंग) तर ‘न्यूट्रल करून ठेवा, लागली तर आम्ही ढकलू’ ही पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांची जुनी रीत. मॅन्युअलला चालते. पी असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये चावीवाल्या गाडीची चावी पी शिवाय निघतच नाही. यावर बहुतेक गाड्यांत शिफ्ट लॉक (लिव्हर पी मध्ये अडकवणारं कुलूप) सोडवायची सोय असते: लिव्हरच्या शेजारी छोटं झाकण, त्याखाली खाच. गाडी बंद करा, ब्रेक दाबून ठेवा, खाचेत चावीचं टोक दाबा, लिव्हरचं बटण दाबा आणि लिव्हर एन वर आणा. मग ब्रेक सावकाश सोडून गाडी हलत नाही ना ते पाहा. गोल नॉब किंवा नुसत्या बटणांच्या गिअरमध्ये ही खाच नसते. गाडी बंद झाली की ती स्वतःच पी मध्ये जाते, आणि एन मध्ये ठेवायची वेगळी पद्धत असली तर ती गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. पण डोळ्यांना सपाट दिसणारं तळघर पाणी वाहून जावं म्हणून जरासं उतरतं बांधलेलं असतं, आणि ढकललेली गाडी थांबवायला आत कुणी नसतं. ऑटोमॅटिकवाल्याने डबल पार्किंगला सरळ नकार द्यावा. नाइलाज असेल तर पी आणि हँडब्रेक लावून काचेवर फोन नंबर ठेवावा.

स्टॅक पार्किंगच्या (गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या यंत्राच्या) प्लेटवर जाण्याआधी सगळ्यांना उतरवा, आरसे मिटा, उंचीची आणि वजनाची पाटी वाचा. रांगतच पुढे जा, चाक स्टॉपरला टेकलं की थांबा. स्टॉपरवर चढवू नका. तिथे हँडब्रेक आणि पी दोन्ही, एएमटीत हँडब्रेक आणि गिअर. प्लेट वर-खाली होताना हिसके बसतात.

लिव्हर पी मधून निघत नसेल तर

आधी मागचे ब्रेक लाइट पाहायला कुणाला तरी सांगा. ब्रेक दाबल्यावर ते लागत नसतील, तर पेडलवरचा छोटा स्विच गेला आहे किंवा त्याचा फ्यूज उडाला आहे. ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नाही, म्हणून ती लिव्हर सोडत नाही. वर सांगितलेल्या शिफ्ट लॉकच्या खाचेने लिव्हर सोडवून गॅरेज गाठता येतं, पण ब्रेक लाइट नाहीत हे लक्षात ठेवून. स्विच स्वस्त असतो. बटण स्टार्टची गाडी ‘ब्रेक दाबा’ म्हणत सुरूच होत नसेल, तर बऱ्याचदा बिघाडच नसतो: बंद गाडीत दोन-चारदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखा कडक होतो आणि स्विचपर्यंत पोचत नाही. जोर लावून दाबा. फुटपाथला चाक टेकवून ठेवलं असेल तर स्टिअरिंग लॉकही अडकतो. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत बटण दाबा.

बॅटरी उतरली तर ढकलून सुरू करायचा नाद सोडा. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत इंजिन बंद असताना तेलाचा दाब नसतो, एएमटीत क्लच हलवायला वीज नसते. जंपर केबल हाच उपाय. ओढून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेड (अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक) मागवा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मागून उचलून पुढची चाकं रस्त्यावर फिरवत नेली, तर इंजिन बंद असल्याने पंप तेल फिरवत नाही आणि गिअरबॉक्स कोरडाच फिरतो. लिव्हर पी मध्ये असेल तर चाकं फरफटत जातात. फ्लॅटबेड मिळतच नसेल तर अशा गाडीची पुढची चाकं उचललेली हवीत आणि हँडब्रेक सोडलेला.

पावसाळ्यात आठवडाभर गाडी हलणार नसेल, तर ‘आधी हँडब्रेक’ या नियमाला एक अपवाद. मागे ड्रम ब्रेक असलेली ओली गाडी हँडब्रेक ओढून ठेवली की कोकणातल्या दमट हवेत लायनिंग ड्रमला गंजाने चिकटतं. अशी गाडी सपाट जागीच लावावी, नुसता पी किंवा एएमटीत गिअर टाकावा, आणि दोन चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यावेत. लावण्याआधी शेवटच्या शंभर मीटरमध्ये हलका ब्रेक दाबत आलात तर ड्रम बऱ्यापैकी सुकतात. तरीही चिकटलाच, तर हँडब्रेक सोडून हलक्या ॲक्सिलरेटरने एकदा आर, पूर्ण थांबून एकदा डी असं करून पाहा. ‘टक्’ असा आवाज येऊन चाक सुटतं. दोन-तीनदा करून नाही सुटलं तर जोर लावून ओढू नका, लायनिंग उखडून येतं. गॅरेजवाला चाक काढून ड्रमवर चहूबाजूंनी हातोडीने ठोकतो आणि दहा मिनिटांत मोकळं करून देतो.